फुटेज उतरवणं आणि लॉग करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे व्हिडिओ करणारे, वारीत कॅमेरा घेऊन चालणारे, कॉलेजात पहिली शॉर्टफिल्म करणारे अशा सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. ते एकदाचे इथे लिहून ठेवतो. उदाहरणं वारीची आणि लग्नांची जास्त आहेत, कारण माझी बरीच वर्षं त्याच ढिगाऱ्यात गेली.

१. इन्जेस्ट आणि लॉगिंग म्हणजे नेमकं काय? दोन्ही एकच का?

दोन वेगळी कामं आहेत. कार्डावरचं फुटेज सुखरूप हार्डडिस्कवर आणणं, त्याची दुसरी प्रत करणं, गरज असेल तर एडिटिंगला सोप्या स्वरूपात बदलणं, हे इन्जेस्ट. आपल्याकडे सरळ 'कार्ड उतरवणं' किंवा 'डंप करणं' म्हणतात. मग ते फुटेज बघत कुठल्या क्लिपमध्ये काय आहे, कुठलं वापरण्यासारखं आहे, कोण बोलतंय, हे लिहून ठेवणं म्हणजे लॉगिंग. इन्जेस्ट चुकलं तर फुटेज जातं. लॉगिंग चुकलं तर फुटेज असतं, पण सापडत नाही.

टेपच्या काळात दोन्ही एकत्र व्हायचं. एका तासाच्या डीव्ही टेपला डिस्कवर साधारण १३ जीबी जागा लागायची आणि टेप उतरवायला पूर्ण तास जायचा. त्यामुळे आधी लॉग करून इन-आउट पॉइंट (हव्या भागाची सुरुवात आणि शेवट) द्यायचे आणि तेवढाच भाग कॅप्चर करायचा. कार्ड आल्यावर ही सक्ती गेली आणि सवयही गेली.

२. मी कार्ड लावतो आणि क्लिप थेट टाइमलाइनवर ओढतो. चालतंय की! वेगळं इन्जेस्ट कशाला?

कार्ड काढलं की 'मीडिया ऑफलाइन' अशी लाल पाटी दिसते, तेव्हा कळतं कशाला. सॉफ्टवेअरने क्लिप आत घेतलेली नसते, ती कुठे आहे याचा पत्ता फक्त लिहून ठेवलेला असतो. पत्ता कार्डाचा असेल तर कार्ड फॉरमॅट झाल्यावर काही उरत नाही. आधी डिस्कवर उतरवा, मग तिथूनच प्रोजेक्टमध्ये घ्या.

३. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? फुकटात काय मिळेल?

सुरुवातीला विकत काही घेऊ नका. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत 'मीडिया' पानावर क्लोन टूल आहे. ते कार्डाची जशीच्या तशी प्रत काढतं आणि पडताळूनही बघतं. सीन, शॉट, टेक, की-वर्ड लिहायला तिथेच मेटाडेटाचं (क्लिपबद्दलच्या माहितीचं) पॅनेल आहे. सोनीचा कॅमेरा असेल तर कॅटॅलिस्ट ब्राउजही मोफत मिळतं.

प्रीमिअर प्रो वापरत असाल तर मीडिया ब्राउजर आणि त्यातली इन्जेस्ट सेटिंग बघा. नुसती कॉपी, ट्रान्सकोड (दुसऱ्या स्वरूपात बदलणं), फक्त प्रॉक्सी (एडिटिंगपुरती केलेली हलकी प्रत), किंवा कॉपी आणि प्रॉक्सी दोन्ही, असे चार पर्याय आहेत. फायनल कट प्रो वापरणाऱ्यांचं नशीब चांगलं, लॉगिंगसाठी माझ्या मते तेच सगळ्यात हाताला बसतं. क्लिपचा हवा तेवढाच तुकडा निवडून त्याला की-वर्ड देता येतो आणि आवडला की 'एफ' दाबला, झालं.

रोज चार-सहा कार्डं उतरत असतील, काम दुसऱ्याचं असेल आणि कार्ड परत द्यायचं असेल, तर ऑफशूट (याचं जुनं नाव हेज), शॉटपुट प्रो किंवा सिल्व्हरस्टॅक यांचा विचार करा. सिनेमाच्या सेटवर डीआयटीच्या (फुटेज सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाच्या) गाडीवर हीच दिसतात. महिन्याला दोन लग्नं करणाऱ्याला सिल्व्हरस्टॅक म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं आहे.

४. जुन्या ट्यूटोरियलमध्ये अ‍ॅडोबी प्रेल्यूड दाखवतात. मला ते सापडतच नाही.

सापडणार नाही. प्रेल्यूड २०१२ मध्ये अ‍ॅडोबीच्या सीएस ६ या सॉफ्टवेअर-संचाबरोबर आलं होतं आणि खास याच कामासाठी होतं: इन्जेस्ट करा, बघता बघता मार्कर टाका, रफ कट लावा आणि प्रीमिअरला पाठवा. अ‍ॅडोबीने ते ८ सप्टेंबर २०२१ ला क्रिएटिव्ह क्लाउडमधून काढलं आणि ८ सप्टेंबर २०२४ पर्यंत जुन्या ग्राहकांना आधार दिला. त्या ट्यूटोरियलमधली पद्धत मात्र आजही उपयोगी आहे. साधन बदला आणि तेच टप्पे प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हमध्ये करा.

५. फोल्डर कसे करायचे? मराठीत नावं दिली तर चालतात का?

आधी तारीख, मग जागा किंवा प्रसंग, मग कॅमेरा, मग कार्डाचा क्रमांक. उदाहरणार्थ '२०२५०६२२_दिवेघाट_कॅम-ए_कार्ड०१'. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. दिवस आधी लिहिला तर संगणक सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र करून ठेवतो.

इथे मी देवनागरीत लिहिलंय, पण प्रत्यक्षात नावं रोमन अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत आणि स्पेसऐवजी अंडरस्कोर घालून द्या. मराठीवर माझा राग नाही. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि लिनक्सवर चालणाऱ्या अनेक नेटवर्क डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. शिवाय एखादं जुनं प्लगइन जोडाक्षर बघून रुसतं ते निराळंच. विंडोजवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अनेक प्रोग्रॅम पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल उघडत नाहीत, म्हणून फोल्डरमध्ये फोल्डर कोंबू नका.

वर्णनं, शेरे, की-वर्ड मात्र खुशाल मराठीत लिहा. तिथे काही बिघडत नाही.

६. कार्डावर नको ती फोल्डरं असतात. फक्त व्हिडिओच्या फाइली उचलल्या तर?

हा मोह सगळ्यांना होतो. ऐकू नका त्याचं. सोनीच्या कार्डावर 'प्रायव्हेट'च्या आत 'एम४रूट' आणि त्याच्या आत 'क्लिप' असतं. तिथे प्रत्येक व्हिडिओशेजारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते. चित्रीकरणाची माहिती तिच्यात असते. एव्हीसीएचडी या स्वरूपात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डावर लांब शॉट अनेक एमटीएस तुकड्यांत पडलेला असतो. तुकडे सुटे ओढले तर जोडावर आवाजाला खाच पडते. पूर्ण रचना ठेवून मीडिया ब्राउजरमधून घेतलं तर सॉफ्टवेअर तोच शॉट अखंड दाखवतं. पॅनासॉनिकच्या पी२ कार्डावर तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. नुसतं 'व्हिडिओ' उचललंत तर मुकं फुटेज घरी येईल.

म्हणून कार्डाच्या मुळापासून सगळं उचलायचं, आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर. एकात एक मिसळायचं नाही. हे मी कशावरून सांगतो? दिवे घाटात दोन सोनी कॅमेरे होते. दोन्ही नवे, त्यामुळे दोन्हींच्या क्लिप 'सी०००१' पासून सुरू. सासवडला मुक्कामी, एका दुकानाच्या ओट्यावर, मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी दोन्ही कार्डांच्या क्लिपा एकाच फोल्डरमध्ये टाकल्या. संगणकाने विचारलं, याच नावाची फाइल आहे, बदलू का? झोपेत 'हो' म्हणालो. घाटाच्या वळणावरून खाली दिसणारी दिंड्यांची रांग, जी दुसऱ्या मित्राने दोन तास उन्हात थांबून घेतली होती, तिच्यावर माझे पायांचे क्लोजअप जाऊन बसले. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो.

७. कॉपी पूर्ण झाली असं संगणक सांगतो. तरी चेकसम कशाला?

संगणक सांगतो ते 'मी लिहायला दिलं' एवढंच. पलीकडे नीट लिहिलं गेलं का, हे तो परत वाचून बघत नाही. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला एक ठसा. मूळ फाइलचा ठसा आणि प्रतीचा ठसा जुळला तर प्रत बिनचूक, एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. एमडी५ जुनं आणि संथ, एक्सएक्सहॅश नवं आणि वेगवान. इथे तुम्हाला चोर पकडायचा नाही, सैल केबल पकडायची आहे, त्यामुळे दोन्हींपैकी कुठलंही चालेल. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून बघणं हा त्याच्या खालोखालचा उपाय, अगदीच काही नसेल तेव्हाचा.

८. कार्डाला फॉरमॅट कधी मारायचा?

दोन वेगळ्या डिस्कवर पडताळलेली प्रत झाल्यावर. एकाच डिस्कवरच्या दोन फोल्डरांना दोन प्रती म्हणत नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, असा जुना दंडक आहे. लग्नाच्या कामात निदान दुसरी डिस्क दुसऱ्याच्या बॅगेत आणि दुसऱ्या गाडीत जाऊ द्या. फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारा, संगणकावर नको. आणि उतरवलेल्या कार्डाची डबी उलटी ठेवा किंवा वर चिकटपट्टी लावा. खूण कुठलीही चालेल, पण सगळ्या टीमची एकच हवी.

९. किती वेळ आणि किती जागा धरू?

हिशेब सोपा आहे. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) चाललेलं फोर-के म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटं बसतात. सेकंदाला ९० एमबी वाचणारं कार्ड आणि तसाच रीडर असेल तर ते १२ मिनिटांत उतरतं. जुन्या यूएसबी २ च्या रीडरने तेच अर्धा तास खातं. पडताळणीचा वेळ वरून. तीन कॅमेरे, प्रत्येकी दोन कार्डं म्हणजे ३८४ जीबी, दोन प्रती म्हणजे पाऊण टीबीच्या वर. प्रॉक्सीची जागा वेगळी (प्रश्न १३ पाहा). क्लायंटला दर सांगताना ही डिस्क त्यात धरा, नंतर मागितली तर कोणी देत नाही.

१०. लॉगमध्ये नेमकं काय लिहायचं? मी 'छान शॉट' लिहितो आणि नंतर मलाच कळत नाही.

जो माणूस शूटला नव्हता त्याला क्लिप न उघडता कळलं पाहिजे, या बेताने लिहा. तीन महिन्यांनी तो माणूस तुम्हीच असता.

मी चार गोष्टी लिहितो: कोण, काय करतंय, शॉट कसा आहे, आणि त्यात काही खोट आहे का. 'चांदोबाचा लिंब, उभं रिंगण, अश्व डावीकडून उजवीकडे, मागे कॅमेरा हलतो पण पहिले ६ सेकंद स्थिर' असं. आवाज चांगला असेल तर तेही. वारीत चित्रं हजार मिळतात, पण मध्ये कोणाचा मोबाइल न वाजता पूर्ण झालेला एक अभंग मिळणं कठीण. तो सापडला की मी लॉगमध्ये ठळक तारा काढतो.

लग्नात नावं लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ती तुम्हाला माहीत नसतात. यावर आमचा उपाय: नवरी-नवऱ्याच्या घरचं एक माणूस धरायचं. बहुधा एखादी मावशी किंवा आत्या उत्साहाने बसते. तिला छोट्या आकाराच्या क्लिपा दाखवायच्या आणि ती सांगेल ते लिहायचं. एकदा अशाच एका काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, 'ह्या कोपऱ्यातल्या आजी, अंतरपाट धरल्यावर डोळे पुसतायत ना, त्यांनीच नवरीला लहानाचं मोठं केलंय.' मी ती क्लिप 'पाहुणे, इतर' मध्ये टाकली होती. शेवटी फिल्म त्या आजींवरच संपली.

रिझॉल्व्हमधून मेटाडेटा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतो आणि भरून परत आतही घेता येतो. म्हणजे लिहिणाऱ्याला एडिटिंग येण्याची गरज नाही, साधी स्प्रेडशीट पुरते.

११. मार्कर, सबक्लिप, की-वर्ड आणि बिन, यातलं कधी काय वापरू?

बिन म्हणजे खण: एक क्लिप साधारण एका खणात. की-वर्ड म्हणजे चिकटवलेल्या चिठ्ठ्या: एका क्लिपला पाचही लागतात. 'हळद', 'मंगलाष्टकं', 'सप्तपदी' यांचे बिन करा; 'हसू', 'डोळ्यांत पाणी', 'लहान मुलं' यांचे की-वर्ड. दिवसभराच्या मुलाखतीसारख्या लांब क्लिपमध्ये जागा दाखवायची तर मार्कर. त्यातला एखादा तुकडा स्वतंत्र क्लिपसारखा वापरायचा असेल तर सबक्लिप. सबक्लिप जपून करा. दोनशे सबक्लिपांचा ढीग मूळ क्लिपांच्या ढिगाहून वाईट असतो.

की-वर्डची यादी शूटच्या आधी ठरवा आणि तीसच्या आत ठेवा. एकाने 'रिंगण', दुसऱ्याने 'अश्व', तिसऱ्याने 'घोडा' लिहिलं की शोध हातात काहीच देत नाही.

१२. लॉगिंग कोणी करायचं, आणि कधी?

त्याच रात्री, आणि शूटला असलेल्याने. कितीही दमलात तरी निदान प्रत्येक कार्डामागे चार ओळी. नीट लॉगिंग नंतर होईल, पण 'वाखरीला डावीकडच्या झाडावर चढलेला तोच मुलगा' हे आठवण ताजी असतानाच लिहिता येतं. माझा अनुभव असा की मुलाखतींच्या तासाभराच्या फुटेजला दीड-दोन तास लागतात, नुसत्या दृश्यांना त्याहून कमी. एडिटर स्वतः लॉग करत असेल तर उत्तमच, कारण त्याच वेळी डोक्यात कट पडायला लागतात. पण बजेटमध्ये ते दिवस मांडून घ्या.

१३. प्रॉक्सी केव्हा करायच्या? आणि लॉगिंग मूळ फाइलवर की प्रॉक्सीवर?

लॅपटॉप अडखळतो तेव्हा. एच.२६५ (व्हिडिओ खूप दाबून साठवायची पद्धत) मधलं १०-बिट फुटेज जागा कमी खातं, पण प्रोसेसरचा घाम काढतं. १०८० मध्ये २५ फ्रेमचा प्रोरेस (अ‍ॅपलचं एडिटिंगला सोपं स्वरूप) प्रॉक्सी ३८ एमबीपीएसचा, तासाला साधारण १७ जीबी, आणि लोण्यासारखा चालतो. लॉगिंग प्रोजेक्टमधल्या क्लिपवर करा. प्रॉक्सी तिला जोडलेला असला की दोन्हींना एकच लॉग. मात्र प्रॉक्सीचं नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा आकडा) आणि ऑडिओ चॅनलांची संख्या मुळासारखीच हवी. चार चॅनलच्या क्लिपला दोन चॅनलचा प्रॉक्सी जोडायला गेलात की सॉफ्टवेअर नकार देतं, आणि तेही फिल्म द्यायच्या आदल्या रात्री.

१४. एका कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं. आता क्रम लागत नाही.

फाइलची 'बदललेली तारीख' आणि क्लिपमधला टाइमकोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी दोन्ही कॅमेऱ्यांत दिसणारा एक क्षण शोधा: टाळी, फटाका, अक्षतांचा पहिला वर्षाव. तिथून फरक काढा, लॉगमध्ये 'कॅम-बी ४७ मिनिटं मागे' असं लिहा आणि आवाजाच्या लाटांवरून सिंक करा. मूळ फाइलींच्या तारखा बदलत बसू नका.

अमेरिकेतल्या भावाने पाठवलेलं फुटेज २९.९७ फ्रेमचं असतं आणि त्याचा टाइमकोड कधी 'ड्रॉप फ्रेम' असतो. नावावरून घाबरू नका, एकही फ्रेम गळत नाही. घड्याळाशी जुळावं म्हणून दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, दहाव्या मिनिटाला सोडून. आपल्या २५ फ्रेमला ही भानगडच नाही.

१५. मोबाइलचं फुटेज घेतलं की आवाज हळूहळू पुढेमागे होतो.

बहुतेक मोबाइल ठरावीक वेगाने फ्रेम घेत नाहीत, प्रकाश आणि तापमान बघून कमीजास्त करतात. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' दिसला तर हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेम रेटचं करून घ्या आणि मगच लॉग करा. मूळ फाइल मात्र जपा. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप दाबून लहान केलेली असते. पाठवणाऱ्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

१६. गोप्रोच्या क्लिपांचा क्रम विचित्र का लागतो? आणि त्या टीएचएम, एलआरव्ही फाइली काय आहेत?

लांब शॉटचे गोप्रो तुकडे पाडतो. नावात आधी तुकड्याचा क्रमांक येतो, मग शॉटचा. त्यामुळे नावाने लावलं की सगळ्या शॉटांचे पहिले तुकडे आधी येतात. शेवटचे चार आकडे बघून जोडा. टीएचएम म्हणजे छोटं चित्र, एलआरव्ही म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच केलेली कमी दर्जाची प्रत. मॅकवरून आलेल्या डिस्कवर टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या चार-चार केबीच्या 'क्लिपा' विंडोजवर दिसतात. त्या क्लिपा नव्हेत, क्लायंटला 'फुटेज करप्ट' म्हणून फोन करू नका.

१७. मराठी मुलाखतींचं आपोआप लिखाण होतं का?

होतं, पण तपासावं लागतं. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ मध्ये आलं आणि त्याला मराठी समजते. शांत खोलीतली प्रमाण भाषा बऱ्यापैकी उतरते. टाळ-मृदंगामागे बोललेली माणदेशी उतरत नाही, आणि संतांच्या अभंगांचं तर ते काहीही करतं. मी ते शोधासाठी वापरतो: 'पाऊस' शब्द कुठे आला हे कळलं की तिथे जाऊन स्वतः ऐकतो. सबटायटल थेट त्यावरून कधीच देत नाही.

१८. एडिट सुरू झाल्यावर फाइलींची नावं बदलली आणि सगळं ऑफलाइन झालं. आता?

जुनी नावं परत देता आली तर तीच द्या, सगळ्यात लवकर सुटतं. नाहीतर एक क्लिप हाताने जोडून बघा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या कधी कधी आपोआप जुळतात. चेकसमची यादी ठेवली असेल (प्रश्न ७) तर कुठली नवी फाइल म्हणजे कुठली जुनी, हे ठशावरून शोधता येतं. नावं बदलायचीच असतील तर उतरवल्यावर लगेच, प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी. तेव्हाही मी मूळ नाव शेवटी तसंच ठेवतो. पुढे फक्त तारीख आणि कॅमेरा जोडतो. प्रश्न ६ मधल्या कार्ड-रचनेतल्या फाइलींची नावं मात्र मुळीच बदलू नका. एक्सएमएलला आपली क्लिप ओळखू येत नाही.

१९. तीन वर्षांचं फुटेज न लॉग करता पडलंय. कुठून सुरुवात करू?

सगळं लॉग करायला बसू नका, दुसऱ्या दिवशी सोडून द्याल. आधी जुन्या डिस्क चालतात का बघा आणि दुसरी प्रत काढा. मग पूर्ण झालेल्या कामांचे जुने प्रोजेक्ट उघडा: टाइमलाइनवर वापरलेल्या क्लिपा म्हणजे तयार लॉगच, त्यांना आधी की-वर्ड द्या. उरलेल्या कार्डांना फक्त एक-एक ओळ. कुणी 'मागच्या वर्षीच्या पावसाचा शॉट आहे का' विचारेल, तेव्हा ते एकच कार्ड पूर्ण लॉग करा. माझ्या कपाटात अजून अकरा डिस्क अशा एका ओळीवर आहेत.